सुटी पाळणारा दगड

"सर, हा दगड सुटीच्या दिवशी गळत नाही," मी म्हटलं, तेव्हा हरकरे सर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी तशीच ओठांपाशी धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालात?"

"शुक्रवारी चारला काटा पन्नासवर ठेवला होता. सोमवारी सकाळी दहाला, पन्नास. केसभर हलला नाही. सोमवारी दहा ते चार या वेळात अठ्ठेचाळीसवर आला. मंगळवारी तेच, काल तेच. संध्याकाळी चार ते सकाळी दहा गळती नाही. शनिवार-रविवार नाही. दसऱ्याला नाही."

"म्हणजे दगड ऑफिसच्या वेळेत गळतो?"

"हो सर."

सरांनी बशी खाली ठेवली. "कुंदाबाई, हे समितीसमोर बोलू नका. आधीच ते म्हणतात, हरकरेंचा प्रकल्प सरकारी आहे."

ही गोष्ट नागपूरची, ऑक्टोबरमधली. मी आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून नंतर या प्रयोगशाळेत प्रकल्प-सहायक म्हणून लागले होते. आज माझ्याकडे रविवारी सकाळी गल्लीतली मुलं जमतात आणि "आजी, दगडाची गोष्ट सांगा" म्हणतात, ती हीच. मोठ्यांना सांगायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली आहे.

आमचं काम साधं होतं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू पकडून जमिनीत खूप खोल, रेतीच्या दगडात कोंडायचा, अशी कल्पना. रेतीचा दगड आतून सच्छिद्र असतो, त्यात वायू मावतो. पण त्याच्या वर घट्ट झाकण हवं, नाहीतर कोंडलेला वायू हळूहळू वर येणार. हे झाकणही दगडाचंच, चिखलापासून बनलेल्या बारीक कणांच्या दगडाचं. त्याला शेल म्हणतात. हरकरे सरांनी आठ वर्षं वणवण करून असं एक झाकण शोधलं होतं, जमिनीखाली नऊशे मीटरवर. तिथून वर काढलेल्या दगडाची एक चकती, साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढी, आमच्याकडे पोलादी नळकांड्यात घट्ट बसवलेली होती. चकतीच्या खाली वायू भरायचा, दाब पन्नासवर न्यायचा, झडप बंद करायची आणि दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर झाकण चांगलं. काटा उतरला तर वायू दगडातून निसटतोय.

आणि काटा उतरत होता.

पुढच्या शुक्रवारी दिल्लीहून समिती येणार होती. दगड नापास झाला तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद म्हणजे हरकरे सरांची आठ वर्षं पाण्यात, माझी नोकरी गेली आणि श्रावणजींचीही. श्रावणजी वाघाडे आमचे प्रयोगशाळा-परिचर. पन्नाशीचे, उमरेडकडचे, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी कंगवी. त्यांची नेमणूकही याच प्रकल्पावर होती.

"दगडाचा दोष नाही," श्रावणजी ठामपणे म्हणायचे. "मी त्याले रोज पाह्यतो. गरीब दगड आहे. नळ्यांच्या जोडांतून जात असंन हवा."

म्हणून आम्ही जोड तपासले. गळती शोधायची तर जोडाला साबणाचं पाणी लावतात. वायू निसटत असेल तर बुडबुडा येतो. आमच्याकडचं साबणाचं पाणी संपलं होतं आणि नवं मागवायला तीन सह्या लागत होत्या. श्रावणजी दुसऱ्या दिवशी घरून रिठ्याचं पाणी घेऊन आले.

"मंडळीनं केस धुवायले करून ठेवलं होतं. त्यातलं अर्धं आणलं," ते म्हणाले. "तिले सांगितलं, देशाचं काम आहे."

"काय म्हणाल्या?"

"देशाले बोलाव म्हणे, तोच भरन माह्या केसांची भरपाई."

आम्ही ब्रशने एकेका जोडाला रिठ्याचा फेस लावला. हरकरे सर भिंग घेऊन वाकले. वीस जोड, एकही बुडबुडा नाही. सर सरळ झाले तेव्हा त्यांच्या मिशांना फेस लागला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं रिठ्यानं झोंबलं असेल.

"म्हणजे दगडच," ते हळूच म्हणाले. त्यांनी पोलादी नळकांड्यावर हात ठेवला. "आठ वर्षं, कुंदाबाई. मी याच्यासाठी आमच्या विहिणीशी भांडलो. मुलीच्या साखरपुड्याला गेलो नाही, बोअरवर होतो. आणि हा गळतो. तेही ऑफिसच्या वेळेत!"

एकोणीस कामाचे दिवस झाले. रोज सकाळी दहाला मी नोंद करी : पन्नास. चारला नोंद करी : अठ्ठेचाळीस, कधी त्याहून थोडं कमी. मग वायू भरून काटा पुन्हा पन्नासवर आणून ठेवी आणि साडेपाचला घरी जाई. एकोणीस दिवसांत वायूच्या साठ्याचा सिलिंडर अर्ध्यावर आला. तो वायू गेला कुठे, हा प्रश्नच नव्हता. दगडातून गेला. सरांनी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलं वाक्य होतं, 'खेदाने नमूद करावे लागते की.' पुढे त्यांना काही सुचेना.

गुरुवारी, म्हणजे समितीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचारला एका महानगरपालिका शाळेच्या सातवीच्या बेचाळीस मुली आल्या. ही भेट मीच महिनाभर आधी ठरवली होती आणि साफ विसरले होते. दारात त्यांच्या बाई, गणवेशातल्या दोन रांगा आणि इतकी चिवचिव की हरकरे सरांनी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

श्रावणजी माझ्या कानाशी आले. "परत पाठवू का यांले? आज आपल्या घरी सुतक असल्यावानी आहे."

"नको," मी म्हटलं. "आल्या आहेत तर दाखवू."

खरं सांगायचं तर माझ्या जिवात जीव आला. इतके दिवस काट्याकडे बघून मान अवघडली होती. समोर बेचाळीस चेहरे बसले की मला काय करायचं ते बरोबर कळतं.

काट्याची खोली लहान होती. मुली दाटीवाटीनं जमिनीवर बसल्या, मागच्या उभ्या राहिल्या, दोघी खिडकीच्या कट्ट्यावर चढल्या. मी नुकताच वायू भरून काटा पन्नासवर ठेवला होता. एसी घरघरत होता आणि मागच्यांना ऐकू जात नव्हतं.

"श्रावणजी, एसी बंद करा. आणि दार लावा, बाहेर झाडू चाललाय."

त्यांनी दोन्ही केलं.

"आता सांगा," मी म्हटलं, "दगडाचं झाकण हवा कशी अडवतं?"

"घट्ट असते म्हणून!" चार-पाच जणी ओरडल्या.

"बघू या." मी एका मुलीचा रुमाल मागितला, एका नळीच्या तोंडावर ताणून बांधला. "फुंक."

तिनं फुंकलं. हवा आरपार गेली, पलीकडच्या मुलीची बट उडाली.

मग मी रुमाल पाण्यात भिजवून पुन्हा बांधला. "आता फुंक."

तिनं गाल फुगवले. अजून फुगवले. चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले, हवा काही जाईना. वर्ग खिदळायला लागला.

"तोच रुमाल," मी म्हटलं. "तीच भोकं. मग काय झालं?"

"पाणी बसलं भोकांत!"

"शाब्बास. भोक जितकं बारीक, तितकं त्यातलं पाणी हट्टी, जागा सोडत नाही. आपला दगडही ओला आहे, जमिनीत असतो तसा. त्याची भोकं रुमालापेक्षा हजारो पटींनी बारीक. खालून वायू फुंकतोय, आणि दगडातलं पाणी..."

"हटत नाही!" सगळ्या एकदम.

"हटायला नको," मी म्हटलं. "पण आपलं हटतंय बहुतेक. तो काटा बघा. तो रोज खाली येतो."

मग एकेकीला पुढे बोलावून काटा दाखवला. प्रत्येकीला नळकांड्याला हात लावायचा होता. प्रत्येकीला विचारायचं होतं की हे फुटलं तर काय होईल. एकीनं विचारलं की सोडा वॉटरमध्ये हाच वायू असतो का, आणि मग नऊशे मीटर खाली सोडा वॉटर तयार होईल का. या प्रश्नात दहा मिनिटं गेली, कारण उत्तर थोडंफार हो असंच होतं. खोलीत आता चांगलाच उकाडा झाला होता. पदरानं मान पुसत मी बोलत राहिले. पाऊण तास कधी गेला कळलं नाही.

"मॅडम," पुढच्या रांगेतली जाड वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "हा काटा तर वर चाललाय."

"खाली, बाळ. तू तिरपं बघते आहेस. समोरून बघ."

ती समोर आली. "समोरूनही वरच चाललाय."

मी वाकले. पन्नासची रेघ काट्याच्या खाली दिसत होती. काटा तिच्या वर उभा होता. थोडासाच, पण वर.

गळक्या भांड्यातलं पाणी वाढत नाही. गळक्या नळकांड्यातला दाब चढत नाही. माझ्या डोक्यात काही जुळेना. मी तशीच वाकून उभी राहिले. आणि माझ्या डाव्या बाजूनं एक हात शांतपणे पुढे आला, खालच्या बारीक झडपेची मूठ त्यानं किंचित फिरवली, 'फुस्स' असा आवाज झाला, काटा बरोबर पन्नासवर आला, आणि हातानं मूठ पुन्हा बंद केली.

"झालं बराबर," श्रावणजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "हे काय केलंत?"

"काटा वर गेला होता ना. आणला पन्नासवर."

"श्रावणजी, तुम्ही... हे आधी कधी केलंय?"

"म्हणजे काय? रोजच करतो ना जी!" ते अभिमानानं मुलींकडे बघत म्हणाले. "साडेसातले येतो, झाडतो, फडकं मारतो. काटा रोज चढलेला राहते. एक्कावन्न, बावन्न. तुमी येण्याच्या आधी मी त्याले पन्नासवर आणून ठेवतो. मंग एसी लावतो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमीच! पैल्या दिवशी. 'श्रावणजी, सकाळी दहाले काटा पन्नासवर पाहिजे, तिथूनच परीक्षा सुरू होते.' म्या म्हटलं, हाव." त्यांचा चेहरा उतरू लागला. "काहून? काई चुकलं का?"

बेचाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"मॅडम," वेण्यांची मुलगी म्हणाली, "गरम झालं म्हणून वर गेला का काटा? सायकलच्या ट्यूबवानी? माझे बाबा उन्हात सायकल ठेवू देत नाहीत."

मी खुर्चीवर बसले.

साडेपाचला एसी बंद होई, तसा कार्यालयीन आदेशच होता. खोलीची भिंत पश्चिमेची. दिवसभर तापायची आणि रात्रभर आत ऊब सोडायची. नळकांड्यातला वायू गरम होऊन दाब चढायचा. सकाळी श्रावणजी जास्तीचा वायू सोडून काटा पन्नासवर आणायचे. मग एसी लागायचा, दुपारपर्यंत खोली गार, वायू गार, दाब उतरायचा. मी चारला येऊन म्हणायचे, गळला, आणि भरायचे. एकोणीस दिवस एक माणूस सकाळी वायू काढत होता आणि एक बाई दुपारी घालत होती. दोघंही मन लावून. मधे बिचारा दगड.

मी हरकरे सरांच्या दारावर थापा मारल्या. त्यांनी दार किलकिलं केलं. "गेल्या का मुली?"

"सर, दगड गळत नाही!"

त्यांनी सगळं ऐकलं. मग ते काट्याच्या खोलीत आले, मुलींमधून वाट काढत नळकांड्यापाशी गेले आणि त्याला चक्क मिठी मारली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे.

मुली गेल्यावर सर गंभीर झाले. "उद्या समितीला हे सांगायचं कसं? एक वाक्य लिहू. 'परिचराच्या अनवधानाने.' संपलं."

श्रावणजी दारात उभे होते. त्यांनी खिशातली कंगवी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. "लिहा जी," ते म्हणाले. "म्याच सोडली ना हवा."

मी नोंदवही घेऊन बसले. अहवालाला जोडायच्या पानांवरून बोट फिरवत होते. तारीख, वेळ, दाब, आणि चौथा रकाना, खोलीचं तापमान. पहिल्या दिवशी मी तापमापक वाचून लिहिलं होतं, एकोणतीस. त्याच्या खाली, सकाळ-दुपार, एकोणीस दिवस, माझ्याच सुंदर शाळामास्तरी अक्षरात, 'वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.' तापमापक माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघंजण. अध्यक्षा डॉ. अनसूया पानसे, साठीच्या, बारीक चणीच्या. त्या कागद वाचताना आवाज करायच्या, "हं... हं...", आणि त्या 'हं'चा अर्थ कुणाला लागत नसे. त्यांनी अहवाल वाचला. "हं. परिचराचं अनवधान. कोण परिचर?"

श्रावणजी पुढे झाले. मी त्यांच्या पुढे झाले.

"मॅडम, त्यांना मीच सांगितलं होतं काटा पन्नासवर हवा. आणि त्यांनी सोडलेला वायू मला पहिल्याच दिवशी कळायला हवा होता. हे बघा." मी नोंदवही उघडून चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "मी तापमान एकदाच वाचलं. पुढे वरीलप्रमाणे लिहीत गेले. न बघता."

हरकरे सरांनी डोळे मिटून घेतले.

डॉ. पानसेंनी चष्मा वर केला आणि ओळी मोजायला लागल्या. सगळ्या मोजल्या. "अडतीस नोंदी. त्यातली एक खरी." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिक्षिका होतात ना? मुलांनी असं लिहिलं असतं तर?"

"पुन्हा लिहून आणायला सांगितलं असतं."

"हं," त्या म्हणाल्या. "पण मला कसं कळणार की हे खरं आहे? काल दगड गळत होता, आज तापमान. उद्या म्हणाल शनीची दशा."

"दाखवतो!" हरकरे सर उठले. "कुंदाबाई, एसी बंद! श्रावण, दार लाव!"

आणि त्या लहानशा खोलीत समितीचे तिघं, दोघं टायमध्ये, आम्ही तिघं आणि सरांनी जिन्यावरून पकडून आणलेले आठ-दहा कारकून दाटीनं उभे राहिले. सर शेलच्या भूशास्त्रावर बोलायला लागले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. एका सदस्यानं टाय सैल केला. दुसऱ्यानं काढून खिशात घातला. एक कारकून म्हणाला, "आम्ही कशाले आलो आहोत इथं?"

"उष्णता द्यायला," श्रावणजींनी त्याला सांगितलं. "गुमान उभा राह्य."

"अजून पाचच मिनिटं," सर म्हणाले. घामानं त्यांचा चष्मा घसरत होता.

"हरकरे," डॉ. पानसे म्हणाल्या, "दगड पास होईल हो, पण आम्ही शिजू."

"चढला!" श्रावणजी ओरडले. सगळे पुढे झुकले. काटा रेघेच्या वर होता. श्रावणजींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. त्यांना सवयीनं झडपेकडे जावंसं वाटत असणार.

मग एसी लावला. सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला आणि कोणी बाहेर जाईना. अर्ध्या तासानं काटा रेघेवर परतला होता.

निर्णय तिथेच, उभ्या उभ्या झाला. परीक्षा पुन्हा, साठ दिवसांची. एसी दिवसरात्र चालू. तापमान दिवसातून तीनदा, डोळ्यांनी वाचून. झडपेला कोणी हात लावायचा नाही. मला लेखी समज मिळाली, माझ्या नोकरीतली पहिली आणि शेवटची. तो कागद अजून माझ्याकडे आहे, मुलांना दाखवते. श्रावणजींबद्दल डॉ. पानसे म्हणाल्या, "सकाळची नोंद यांनाच करू द्या. हा माणूस काटा रोज बघतो."

तेव्हापासून नोंदवहीत सकाळी साडेसातच्या ओळीला श्रावणजींचं अक्षर आलं. दाब, तापमान, सही. आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात, तो रिकामा ठेवणं त्यांना बरं वाटत नसे म्हणून, रोज न चुकता : 'काही झाले नाही.' मी एकदा म्हटलं, वरीलप्रमाणे लिहिलं तरी चालेल. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या ओळीसाठी तापमापक वाचायला उठले.

साठ दिवस काही झालं नाही. तापमान जरा इकडेतिकडे झालं की काटा तेवढाच इकडेतिकडे होई आणि परत जागेवर येई. एकसष्टाव्या दिवशी सकाळी हरकरे सरांनी आकडेमोड तीनदा केली, आम्हा दोघांकडून वेगवेगळी करून घेतली, आणि मग श्रावणजींच्या हाती दोन किलो संत्राबर्फी देऊन सगळ्या इमारतीत वाटायला पाठवलं. मीही बरोबर गेले.

आस्थापना विभागातल्या उमरेडकरबाईंनी फायलीतून मान वर काढली आणि बर्फीचा तुकडा उचलला. "कशाबद्दल हो?"

"साठ दिवस काई झालं नाही, म्हणून," श्रावणजी म्हणाले.

बाईंनी तुकडा तोंडाशी नेऊन थांबवला. "अगं बाई! आमच्या विभागात तर वीस वर्षांत काही झालं नाही. आम्ही कधी बर्फी वाटली नाही."

"तुमच्याकडे कोणी रोज लिहून ठेवलं नसंन," श्रावणजी म्हणाले आणि डबा पुढे करून त्यांना आणखी एक तुकडा दिला.